फोन लावू की गाडी काढू? खान्देशात व्हेरिफिकेशनच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

शिंदखेडा तालुक्यातलं एक गाव. कंपन्यांसाठी उमेदवाराने दिलेली माहिती खरी आहे का ते तपासायचं हे काम, आणि ही माझी पहिल्या महिन्यातली केस. मुलाला पुण्यात नोकरी लागणार होती, त्याआधी कंपनीला त्याचा पत्ता आणि शेजाऱ्यांचं मत हवं होतं. उन्हातान्हात हेलपाटा नको म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्या मुलालाच फोन लावला: "उद्या सकाळी येते, घरी असाल ना?" दुसऱ्या दिवशी पोचले तर ओट्यावर तीन शेजारी आधीच येऊन बसलेले आणि चुलीवर चहाचं आधण. तिघांनीही मुलाबद्दल एकच वाक्य सांगितलं, "सुस्वभावी आणि निर्व्यसनी आहे."

निर्व्यसनी! आमच्याकडे गावातला माणूस "काही नाद नही शे त्याले" असं म्हणतो. निर्व्यसनी हा शब्द लग्नाच्या बायोडाटात असतो, ओट्यावर नसतो. मुलगा कदाचित खरंच सज्जन असेल, पण त्या भेटीतून मला काहीच कळलं नाही. माझ्या एका फोनने पन्नास किलोमीटरची व्हिजिट वाया गेली.

तेव्हा फोन करायचा की जायचं, हे अंतर आणि पेट्रोल बघून ठरवू नका. कोणता प्रश्न विचारायचा आहे आणि तो कोणासमोर विचारला जाणार आहे, यावरून ठरवा. कामाला लागल्यावर हे शिकायला मला वर्ष गेलं. तुमचं तेवढं जाऊ नये म्हणून क्रमाने लिहिते.

केस हातात आली की आधी संमती बघा

फाइल उघडल्यावर सगळ्यात आधी उमेदवाराच्या सहीचं संमतीपत्र शोधा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून आमच्याकडे हे जास्तच कडक झालंय, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. संमतीत नसलेली गोष्ट विचारायची नाही. पत्ता आणि आधीची नोकरी एवढंच लिहिलं असेल तर शेजारणीला त्याच्या कर्जाबद्दल विचारण्याचा तुम्हाला काही एक अधिकार नाही.

त्याच कागदावर आणखी एक ओळ असते, ती नवीन लोक वाचतच नाहीत: सध्याच्या मालकाशी संपर्क करायचा की नाही. तिथे "नाही" असेल तर त्या ऑफिसला फोन नाही आणि व्हिजिटही नाही. मुलगा दुसरीकडे नोकरी शोधतोय हे मालकाला तुमच्यामुळे कळलं आणि त्याचं आहे ते कामही गेलं, तर ते पाप तुमच्या नावावर.

मग प्रश्नांची वाटणी करा

वहीत दोन रकाने पाडा. ज्याचं उत्तर कुठल्यातरी रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे ते फोनच्या किंवा ईमेलच्या रकान्यात: नोकरीला कधी लागला, कधी सोडली, हुद्दा काय, परीक्षा पास आहे का. अशा उत्तरासाठी चोपड्याहून नंदुरबारला जाण्यात शहाणपण नाही. पदवीचं तर विद्यापीठाकडूनच लेखी मागवायचं, कॉलेजातल्या शिपायाच्या तोंडी हमीवर चालत नाही. इथे एक गोष्ट डोक्यात ठेवा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये झालं. त्याआधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. आणि बहिणाबाईंचं नाव विद्यापीठाला २०१८ मध्ये लागलं. २०१२ सालची तारीख असलेल्या मार्कशीटवर "कवयित्री बहिणाबाई चौधरी" छापलेलं दिसलं तर थांबा. नंतर काढलेली दुय्यम प्रत असू शकते, पण ते विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ज्याचं उत्तर कागदावर नाही, माणसाच्या डोक्यात आहे, ते भेटीच्या रकान्यात. तो खरंच तिथे राहतो का, किती वर्षं, काम सोडताना काय झालं होतं, लोक त्याच्याबद्दल जपून का बोलतात.

नंबर स्वतः शोधा

उमेदवाराने फॉर्मवर दिलेला "एचआर मॅनेजर"चा नंबर हा उमेदवाराने दिलेला नंबर आहे. एवढं एक वाक्य पाठ केलंत तरी अर्धं काम आलं. तो नंबर कोणाच्या खिशात वाजतोय हे तुम्हाला दिसत नाही.

मी एकदा जळगाव एमआयडीसीतल्या एका युनिटची केस केली. फॉर्मवरचा नंबर लावला, पलीकडे भारदस्त आवाज. "हो मॅडम, आमच्याकडे अडीच वर्षं सुपरवायझर होते, एकदम प्रामाणिक." मी खूश. लिहून घेत असतानाच मागून भोंग्यावर आवाज आला: यावलमार्गे चोपड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागली आहे. एचआर मॅनेजर एसटी स्टँडवर बसून कंपनी चालवत होते! दुसऱ्या दिवशी पत्त्यावर गेले तर शेडला कुलूप आणि अंगणात कोणीतरी मका वाळत घातलेला. शेजारच्या दालमिलच्या वॉचमनने सांगितलं की शेड बंद पडून बराच काळ लोटलाय.

म्हणून कंपनीचा नंबर तिच्या बिलावरून, जीएसटीच्या नोंदीतल्या पत्त्यावरून, दारावरच्या पाटीवरून घ्या. लँडलाइन मिळाली तर उत्तम. मोबाइलच मिळाला तर आधी इकडचं तिकडचं विचारा, जे खऱ्या माणसाला सहज सांगता येईल: पाळी किती वाजता बदलते, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी. एमआयडीसीत ज्या दिवशी वीज बंद असते तो वार तिथे काम करणारा झोपेतही सांगेल.

फोनवर कसं बोलायचं

पहिलं वाक्य घोटून ठेवा. नाव, कोणासाठी काम करता, कशासाठी फोन आहे, किती मिनिटं लागतील. हल्ली लोक अनोळखी नंबरला घाबरतात आणि त्यांचं काही चुकत नाही. कोणी चिडलं तर वाद घालू नका. "तुम्ही आमच्या ऑफिसच्या नंबरवर उलटा फोन करून खात्री करा, मग बोलू," म्हणा. जो घाबरलेला असतो तो या वाक्याने सैल होतो. ओटीपी, बँक खातं, आधार क्रमांक फोनवर कधीच, कोणालाच विचारायचा नाही. विचारलात तर समोरच्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी, मी त्याच्याच बाजूने असेन.

मी पोलीस आहे, पोलिसांकडून आलेय, असं चुकूनही बोलू नका. "चौकशीसाठी आलोय" एवढं म्हटलं तरी गावात लोकांना पोलीसच वाटतात, तेव्हा आपणहून "मी पोलीस नाही" असं सांगा. सरकारी नोकर असल्याची बतावणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खालचा गुन्हा आहे. ओळखपत्र गळ्यात असू द्या, खिशात नको.

प्रश्नात उत्तर घालू नका. "ते तुमच्याकडे २०२१ ते २०२३ होते ना?" याला शंभरातली नव्वद माणसं "हो" म्हणतील, कारण त्यांना फोन ठेवायचा असतो. "कधी लागले होते?" असं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं फोनवर अवघड जातं हे मला मान्य आहे. समोरासमोर तुम्ही गप्प राहिलात तर समोरचा ती पोकळी भरायला बोलू लागतो. फोनवर गप्प राहिलात की "हॅलो? हॅलो?" सुरू होतं. त्यावर माझा उपाय साधा आहे, "लिहून घेतेय, सांगा" म्हणायचं आणि खरंच लिहीत राहायचं.

तारखा लोकांना आठवत नाहीत, सण आणि संकटं आठवतात. "लॉकडाऊनच्या आधी दिवाळीला लागला" म्हणजे २०१९ ची दिवाळी. "नोटबंदीत होता" म्हणजे २०१६ च्या नोव्हेंबरच्या पुढचे दिवस. "अखाजीला सोडून गेला" म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एप्रिल-मे. त्यांना तारीख विचारून छळण्यापेक्षा हे असं विचारा आणि हिशेब आपण करा. वहीत मात्र दोन्ही लिहा, त्यांचे शब्द आणि तुमचा हिशेब.

"आपलाच पोऱ्या शे" म्हणजे काय

खान्देशात फोनवर फसायची हमखास जागा ही आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

अमळनेर, पारोळा, साक्री या बाजूच्या गावात फोन लावून तुम्ही विचारलंत, "अमुक तिथेच राहतो का?" पलीकडून येईल, "हा, आठेच शे ना. आपलाच पोऱ्या शे." म्हणजे इथेच आहे, आपलाच पोरगा आहे. तुम्ही लिहिता: पत्त्यावर वास्तव्य आहे. चूक! तो सांगतोय की पोरगा या गावचा आहे. घर आहे, शेत आहे, रेशनकार्डावर नाव आहे. राहायला तो सुरतला असू शकतो. उधना-लिंबायतकडे आमच्या अर्ध्या खान्देशाचे पाहुणे आहेत. गावच्या माणसाच्या लेखी तो "आठेच" असतो, कारण गाव सुटत नाही. त्याला पुढचा प्रश्न विचारा, "मग रात्री झोपायला कुठे असतो?" तेव्हा खरं येतं: "झोपाले? तो ते सुरतले ऱ्हास. अखाजीले येस."

हे फोनवरही विचारता येतं, पण भेटीत विचारायची गरजच कमी पडते. दाराला लावलेलं गंजकं कुलूप, अंगणात वाढलेलं गवत, मीटरवर अडकवलेली जुनी वीजबिलं, हे सगळं आधीच बोललेलं असतं. उलट दोरीवर वाळणारे लहान मुलाचे कपडे आणि दारात ताजा सडा दिसला तर घर चालतं आहे. फोटो काढताना दारासोबत हेही येऊ द्या.

नावाचाही घोळ आहे. एका गावात पाटील किती असतील याला सीमा नाही, आणि चौधरी, महाजन यांचंही तेच. फोनवर नुसतं नाव-आडनाव सांगून "ओळखता का?" विचारलं तर तो दुसऱ्याच पाटलाबद्दल दहा मिनिटं भरभरून बोलेल. वडिलांचं नाव आणि शक्यतो आजोबांचं नाव घेऊन विचारा. "कोणते पाटील?" असं विचारलं की बरेचदा समोरचा जात सांगायला लागतो. ऐकून घ्या, लिहू नका. अहवालात जात, धर्म, पक्ष येता कामा नये.

गावाचं नाव तर दोनदा तपासा. बुद्रुक-खुर्द सगळीकडे असतात, पण आपल्याकडे त्यावर "प्र." आहे, म्हणजे गाव जुन्या कोणत्या परगण्यातलं ते. शिरसोली प्र.बो. वेगळं आणि शिरसोली प्र.न. वेगळं. दोन्ही जळगावजवळच, एकमेकांना खेटून. कुरिअरवाला चुकतो तसे तुम्हीही चुकाल.

जायचं ठरलं तर

उमेदवाराला वेळ कळवू नका, दिवस कळवला तरी फार झालं. शेजाऱ्यांकडे तर अचानकच. माझा क्रम असा: आधी कोपऱ्यावरचं किराणा दुकान किंवा पिठाची गिरणी, मग दोन घरं सोडून एक शेजारी, मग चिकटून असलेलं घर, आणि शेवटी उमेदवाराचं घर. दुकानदाराला उधारीमुळे सगळं माहीत असतं, पण सांगताना तो गिऱ्हाईक जपतो, हे गृहीत धरा.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर. पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी दार ठोठावणाऱ्याला कोणीही धड उत्तर देत नाही, आणि तुम्ही आजारी पडाल ते वेगळंच. गावाचा आठवडे बाजार कोणत्या वारी ते विचारून घ्या, त्या दिवशी घरात म्हाताऱ्या आणि शेळ्या. यावल-रावेरकडे केळीची कापणी चालू असेल तर पुरुष मंडळी संध्याकाळशिवाय हाती लागत नाहीत. नंदुरबारच्या डोंगरातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मधल्या काळात घराला कुलूप दिसलं म्हणून "पत्त्यावर आढळला नाही" असा शेरा मारणं म्हणजे एखाद्या गरिबाची नोकरी घालवणं आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंजचाच पत्ता नसतो, तिथे फोन की भेट हा वादच संपतो. ओळखीचा, पावरी किंवा भिली बोलणारा माणूस सोबत घ्या. आणि परतीचं पेट्रोल.

श्रावणात कानबाईचा, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाचा, रविवार मात्र कामाचा. बाहेरगावी गेलेलं सगळं कुटुंब त्या दिवशी गावात असतं. त्या दिवशी प्रश्न विचारत बसू नका, पण कोण कुठून आलं ते ओट्यावर बसून ऐकायला मिळतं. रोट खायला मिळतात ते वेगळं.

बाई एकटी घरी असेल तर उंबऱ्याबाहेर थांबा. मी बाई असूनही हे पाळते. पण बायका घोळक्याने असतील तर जरूर बसा. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या नाहीतर कुरडया घालायचं काम चाललेलं असतं, तिथे दोन हात लावले की बोलणं आपोआप निघतं. धुळ्याजवळ एका गच्चीवर मी तासभर कुरडया घातल्या. पहिला पाऊण तास मला हवं ते एक अक्षर कोणी बोललं नाही. उठताना एक काकू म्हणाल्या, "चांगला शे तो. आते चांगला शे." त्या "आते"त, म्हणजे "आता"त, सगळं होतं. मग कधी नव्हता, हे मी हळूच विचारलं.

असं ऐकलेलं मात्र जपून वापरा. काकूंनी स्वतः पाहिलेलं आणि काकूंनी ऐकलेलं, या दोन वेगळ्या ओळी आहेत. "लोक म्हणतात" असं कोणी म्हटलं की "कोण म्हणालं?" विचारा. भांडण-पोलीस केस असं काही निघालं तर तुमच्या मतावर काही ठरत नाही. ते कोर्टाच्या नोंदीतून तपासायला ऑफिसला कळवा आणि तुम्ही गप्प बसा. गावात भाऊबंदकी आणि ग्रामपंचायतीची निवडणूक या दोन गोष्टींमुळे अर्ध्या तक्रारी जन्माला येतात. सरपंच एका गटाचा असतो, हे विसरू नका.

भेटीतही माणूस खोटं बोलतो

नवे लोक हे ऐकून चकित होतात. पारावर पाच जणांसमोर विचारलंत तर पाचही जण मुलाची बाजू घेतील, कारण उद्या त्यांना त्याच्या बापाच्या समोर यायचं असतं. तुम्ही तासाभरात निघून जाणार, ते तिथेच राहणार. म्हणून एकेकाला वेगळं गाठा, आणि ते जमत नसेल तर फोन नंबर घ्या आणि निघा. जुना सुपरवायझर ऑफिसात मालकासमोर बसून जे बोलत नाही, ते घरी जाताना गाडी बाजूला लावून फोनवर बोलतो. इथे फोनच वरचढ आहे. भेटीने ओळख झालेली असते आणि फोनवर चेहरा लपलेला असतो, दोन्ही सोयी एकदम.

व्हिडिओ कॉलचं मला फारसं पटत नाही. कागदपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला ठीक. घर दाखवायला सांगितलं तर माणूस कॅमेरा जिथे नेईल तेवढंच घर दिसतं.

लिहिताना

अहवालात प्रत्येक उत्तरापुढे तीन गोष्टी: फोनवर की प्रत्यक्ष, तारीख-वेळ, आणि नंबर कुठून मिळवला. फोनवर बोलून "भेटलो" लिहिणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे. केसमागे पैसे मिळतात, लांबच्या व्हिजिटला परवडत नाही, हे सगळं खरं आहे. त्याबद्दल ऑफिसशी भांडा, मीही भांडले. पण घरी बसून व्हिजिट भरू नका. जिओटॅग फोटोत साक्रीच्या जागी तुमच्याच कॉलनीचं नाव उमटलं की नोकरी गेली. फोन आणि भेट यांची उत्तरं जुळत नसतील तर दोन्ही लिहा. कोणतं खरं ते ठरवायचा मोह होतो. ते तुमचं काम नाही.

आणि कार्ड. मराठीत छापा, नाव साधं, नंबर मोठ्या आकड्यात, म्हातारी माणसं चष्मा शोधत नाहीत. जाल तिथे प्रत्येकाला द्या, जो काहीच बोलला नाही त्याला आधी द्या. रात्री साडेनऊपर्यंत फोन सायलेंटवर टाकू नका. त्या शिंदखेड्याच्या गावातून, माझी केस जमा होऊन चार दिवस झाल्यावर, रात्री नऊला फोन आला होता. ओट्यावर बसलेल्या तिघांपैकी एक. "ताई, तवय बठा व्हतात म्हणीसन बोलनू नही," त्याने सुरुवात केली, तेव्हा सगळे होते म्हणून बोललो नाही. मी अंथरुणातून उठून वही घेतली, तारीख-वेळ टाकली, आणि पुढे लिहिलं: फोनवर.